वाचकांचे प्रश्न : जुना कॅमेरा लिलावात विकताना

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. वडिलांचा निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा ईबेवर लिलावाला ठेवायचा आहे. बोली जिंकून पैसे न देणारे आणि माल मिळाल्यावर ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणणारे, दोघांचीही धास्ती वाटते.

उत्तर : पैसे भरायला खरेदीदाराला ४ दिवस मिळतात. ते उलटले की ‘पैसे भरले नाहीत’ हेच कारण देऊन सौदा रद्द करा. ‘माल उपलब्ध नाही’ निवडलंत, तर ठपका तुमच्याच खात्यावर बसतो.

खरी भांडणं होतात ती वर्णनावरून. एफएम२चं शटर बॅटरीशिवायही चालतं, त्यामुळे खटका वाजला म्हणून ‘चालू स्थितीत’ लिहू नका. एलआर४४च्या दोन बॅटऱ्या घालून प्रकाशमापक तपासा. मागचं झाकण उघडून कडेचा फोम बोटाने दाबून बघा. डांबरासारखा चिकटत असेल तर तसं लिहा. लेन्समधून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडचे पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती बरेचदा सापडते. प्रत्येक दोषाचा फोटो टाका. अनुक्रमांकाचा फोटो तर हवाच, कारण परत आलेला कॅमेरा तुमचाच आहे का, हे त्यावरूनच सिद्ध होतं.

ईबेचं शुल्क टपालखर्च आणि कर धरून एकूण रकमेवर लागतं. किमान बोली त्या हिशेबाने ठेवा. रक्कम ७५० डॉलर किंवा जास्त झाली, तर पार्सल सही घेऊनच पोचवायला सांगा.