विग्रह (जोडून झालेल्या शब्दाची फोड) करताना आधी शेवटचं पद धरा
सामासिक शब्द दिसला की लगेच समासाचं नाव शोधू नका. बैलगाडी, मालगाडी, आगगाडी तिन्ही गाड्याच. पण पहिली बैल ओढतात, दुसरी माल नेते, तिसरी आगीच्या जोरावर धावायची. हा दुवा शब्दात नसतो, व्यवहारातून भरावा लागतो. म्हणून ‘पुरणाची पोळी’ हा विग्रह अर्धवट. ‘पुरण भरून केलेली पोळी’ म्हणा, मध्यमपदलोपी (मधले शब्द गळालेला समास) लगेच कळतो. नवशिके हमखास घसरतात बहुव्रीहीत, म्हणजे दोन्ही पदांबाहेरच्या तिसऱ्याच कुणाला सांगणाऱ्या समासात: नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे, तसा गळा ज्याचा तो शंकर. ‘बहीणभाऊ’त ‘आणि’ घाला, ‘पापपुण्य’त ‘किंवा’. ‘चहापाणी’त मात्र नुसतं चहा आणि पाणी शोधू नका, बिस्किटं, फराळ सगळं त्यातच आलं. कचेरीत कुणी चहापाण्याचं विचारलं, तर अर्थ आणखीच वेगळा!