सरकारी अनुदान आहे म्हणून इलेक्ट्रिक कार कंपनीचे शेअर घ्यावेत का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुदत ठेव मोडून बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच इलेक्ट्रिक कार कंपनीच्या शेअरमध्ये घालावा, असं तुमच्या मनात आहे. ‘सरकार अनुदान देतंय, करही माफ करतंय, मग ती बुडेल कशी?’ असं तुम्ही विचारलंय. मुलीच्या शिक्षणाला तीन वर्षांनी पैसे लागणार आहेत, हेही त्याच पत्रात आहे. म्हणून उत्तर आधी देतो: एवढी रक्कम घालू नका आणि ठेवीला हात लावू नका.

सरकार पाठीशी असतं ते धोरणाच्या. एखाद्या कंपनीला तगवून धरण्याचं वचन त्यात नसतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एकाच योजनेतून टेस्लालाही कर्ज दिलं आणि फिस्कर ऑटोमोटिव्हलाही. टेस्लाने आपले ४६.५ कोटी डॉलर २०१३ मध्ये मुदतीच्या बरेच आधी फेडले. त्याच वर्षी फिस्करने दिवाळखोरी जाहीर केली.

धोरणही कायम टिकत नाही. जर्मनीत २०२३च्या नोव्हेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारचा ६० अब्ज युरोंचा निधी दुसरीकडे वळवणं बेकायदा ठरवलं. वाद अर्थसंकल्पाचा होता, पण पैसा आटला आणि डिसेंबरमध्ये इलेक्ट्रिक कारवरचं अनुदान जवळपास एका दिवसात बंद झालं. पुढच्या वर्षी तिथली पूर्ण इलेक्ट्रिक कारची विक्री सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. अमेरिकेतली ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ नंतर राहिली नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. अनुदान कोणाच्या नावावर मिळतं आणि शेवटी कोणाच्या खिशात राहतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाला मिळणारी सूट कंपनीला थोडी चढी किंमत लावू देते. ती सूट कमी झाली की भार कंपनीवर येतो. जानेवारी २०१९ मध्ये टेस्लाच्या ग्राहकांची करसवलत निम्मी झाली, तेव्हा कंपनीने लगेच प्रत्येक गाडीची किंमत २,००० डॉलरने उतरवली. ती रक्कम गेली नफ्यातून, म्हणजे भागधारकांच्या वाट्यातून. शिवाय अनुदान सगळ्यांनाच खुलं असलं की स्पर्धक वाढतात. चीनने वर्षानुवर्षं अनुदान दिलं, ढिगाने कंपन्या उभ्या राहिल्या आणि मग किंमतयुद्ध पेटलं. गाड्या उत्तम निघाल्या, ग्राहकाचं भलं झालं, पण त्या गर्दीतल्या कितीतरी कंपन्या संपल्या. उद्योग वाढतो म्हणून त्यातली प्रत्येक कंपनी पैसे कमावते, असं होत नाही.

कंपनीला कर्ज आणि ग्राहकाला सूट यांखेरीज सरकारी मदतीचा तिसरा प्रकार बाहेरून दिसत नाही. प्रदूषणाची मर्यादा न पाळणाऱ्या कंपन्या इलेक्ट्रिक कार बनवणाऱ्यांकडून क्रेडिट, म्हणजे मर्यादेपेक्षा कमी प्रदूषण केल्याबद्दल मिळालेले गुण, विकत घेतात. टेस्लाला २०२० मध्ये या विक्रीतून सुमारे १५८ कोटी डॉलर मिळाले आणि त्या वर्षाचा निव्वळ नफा होता ७२ कोटी. क्रेडिट वजा केली तर ते वर्ष तोट्याचं ठरलं असतं. दंडाचा धाक आहे तोवरच हे उत्पन्न आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये इंधन-कार्यक्षमतेच्या नियमाखालचा दंड शून्यावर आणला, म्हणजे त्या नियमापुरती क्रेडिट विकत घेण्याची गरजच उरली नाही.

हे सगळं वाचून कंपनी वाईट आहे असा अर्थ काढू नका. टेस्लाची ती करसवलत २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं अमेरिकेत पूर्ण थांबली होती, तरी त्या काळात कंपनी वाढतच गेली. तुमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. अनुदान, करमाफी आणि क्रेडिटचं उत्पन्न नफ्यातून वजा करा. योजनेची शेवटची तारीख पाहा. खाली काही उरत असेल आणि बॅटरीचा खर्च दरवर्षी घटत असेल, तर विचार करण्यासारखं आहे.

तरीही एका कंपनीत एकूण बचतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. तेही चालू उत्पन्नातून, वर्षभरात थोडं थोडं. या क्षेत्रावर तुमचा खरोखर विश्वास असेल, तर बरेच वाहन आणि बॅटरी उत्पादक एकत्र असलेला फंड मला जास्त पटतो. मुलीच्या शिक्षणाची रक्कम मात्र ठेवीतच राहू दे. तिची मुदत पहिल्या फीच्या दोन महिने आधी संपेल, अशी जुळवणी या आठवड्यातच करून घ्या.