उत्तेजक चाचणीत अडकलात? कबूल करायचं की लढायचं

कोल्हापूर आणि आसपासच्या खेळाडूंकडून, पालकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : मी तालमीत राहतो. राष्ट्रीय स्पर्धेत दिलेल्या माझ्या लघवीच्या नमुन्यात मेफेन्टरमिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं. इंजेक्शन मी घेतलं होतं. सोबतची पोरं म्हणाली, दम वाढतो. आता वस्ताद म्हणतात, काही कबूल करू नको, वकील लाव. काय करू?

पैलवान, मला जे लिहिलंत तेच ‘नाडा’ला, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेला लिहा, आणि वेळेत लिहा. वकील जरूर लावा, पण खोटं उभं करण्यासाठी नको.

तुमच्याकडे आधी नमुन्यात काय सापडलं याची सूचना येते, त्यानंतर आरोपपत्र. या द्रव्याची मूळ शिक्षा ४ वर्षांची आहे. आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांच्या आत दोष आणि शिक्षा दोन्ही लेखी मान्य केलंत, तर त्यातलं एक वर्ष कमी होतं. एकविसाव्या दिवशी ही सवलत गेलेली असते. सुनावणीत डोळ्यांत पाणी आणून ती परत मिळत नाही. तात्पुरती बंदी लागली असेल तर ती काटेकोर पाळा. तो काळ शिक्षेतून वजा होतो. मधेच महासंघाच्या मान्यतेच्या एखाद्या मैदानात उतरलात, तर पाळलेले महिनेही वाया जातात.

‘ब’ नमुना, म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या बाटलीत राखून ठेवलेली तुमची लघवी, तपासून घेण्याचा हक्क तुमचा आहे. पण इंजेक्शन आपणच घेतलं हे ठाऊक असताना त्यातून काय निघणार?

आणि ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेची चिठ्ठी आणायचा विचार कुणी सुचवला, तर त्याला तिथेच थांबवा. खोटा कागद हा वेगळा गुन्हा धरला जातो आणि त्याची शिक्षा पहिल्या शिक्षेला जोडून भोगावी लागते. अमेरिकेची ब्रियाना मॅकनील ही २०१६ ची अडथळा शर्यतीतली ऑलिंपिक विजेती. तिच्या शरीरात काहीही सापडलं नव्हतं. चुकलेल्या चाचणीचं कारण देताना वैद्यकीय कागदावरच्या तारखा बदलल्या, म्हणून तिला ५ वर्षांची बंदी झाली.

एक डॉक्टर म्हणून बोलतो. हे औषध भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतं. निरोगी पोरानं ते टोचून घेऊन जोर-बैठका काढणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. बंदी तीन वर्षांनी उठेल. इंजेक्शन मात्र आजच सोडा, आणि छातीत धडधड होत असेल तर तपासून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, वेटलिफ्टिंग करते. तिच्या नमुन्यात स्टेरॉइड निघालं. प्रोटीन पावडरशिवाय तिनं काही घेतलेलं नाही. सगळे म्हणतात, मान्य करून मोकळ्या व्हा. (शिरोळ तालुका)

ताई, घाईनं सही करू नका. इथे लढायला जागा आहे. फक्त कशासाठी लढायचं ते नीट समजून घ्या.

शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम कडक आहे. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून प्रकरण मिटत नाही. पण द्रव्य सापडलं हे मान्य करूनही दोष किती, यावर भांडता येतं. दूषित पावडरीतून ते आलं आणि मुलीचा मोठा निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध झालं, तर शिक्षा नुसत्या समजेपासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत खाली येते. टेनिसपटू सिमोना हालेप हिची ४ वर्षांची बंदी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं ९ महिन्यांवर आणली, ती दूषित सप्लिमेंटमुळेच.

त्यासाठी आजच उरलेली पावडर डब्यासकट बाजूला ठेवा. डबा धुऊन डाळ-तांदूळ भरू नका. दुकानाचं बिल, बॅच क्रमांक, त्याच बॅचचा न फोडलेला डबा मिळाला तर तोही जपा. चाचणीच्या वेळी भरलेल्या फॉर्ममध्ये तिनं ही पावडर लिहिली होती का, ते बघा. लिहिली असेल तर मोठा आधार आहे. १८ वर्षांखालच्या खेळाडूंना नियमांत बरंच संरक्षण आहे, ते तिला लागू होतं का हे वकिलाला विचारा.

आणि मुलीला एकटं सोडू नका. तिच्यावर तुमचा विश्वास आहे हे तिच्या कानावर रोज पडू दे.

प्रश्न : मी रायफल नेमबाजी करतो. अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल घेतो. चाचणी अजून झालेली नाही.

प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध. नेमबाजीत बीटा ब्लॉकर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत, कारण त्यानं हाताचा कंप कमी होतो. गोळी मनानं एकदम थांबवू नका. डॉक्टरांकडून पर्याय घ्या. पर्याय नसेल तर वैद्यकीय सवलतीचा, म्हणजे आजारासाठी बंदी असलेलं औषध घेण्याच्या परवानगीचा, अर्ज आधी करा.

प्रश्न : रिओ ऑलिंपिकच्या आधी उत्तेजक चाचणीत अडकलेला नरसिंग यादव लढला ते चुकलं का? तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल!

लढण्याचा हक्क त्याचा होता. जेवणात कुणीतरी मिसळलं, हे त्याचं म्हणणं ‘नाडा’च्या समितीनं १ ऑगस्ट २०१६ ला मान्यही केलं. ‘वाडा’ ही जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, रिओत कुस्तीच्या तोंडावर, ४ वर्षांची बंदी आली. घातपाताचा ठोस पुरावा नाही, असं लवादानं म्हटलं. आपल्याकडे अजून हळहळ होते, मलाही वाईट वाटतं. पण लवादापुढे संशय चालत नाही. कुणी, कधी, कशात मिसळलं हे दाखवावं लागतं. ते हातात नसेल तर घातपाताच्या कथेवर पोराचं करिअर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : इंजेक्शन देणाऱ्याचं नाव सांगणं ही तालमीशी फितुरी नाही का?

नाही. ज्यानं पोराच्या दंडात सुई टोचली त्यानंच तालमीशी फितुरी केली. खेळाडूला बंदी असलेलं द्रव्य देणाऱ्याला किमान ४ वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे, मग तो प्रशिक्षक असो की डॉक्टर. खेळाडूच्या माहितीवरून असं प्रकरण उभं राहिलं, तर त्याच्या स्वतःच्या शिक्षेचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग स्थगित होऊ शकतो. फक्त तोंडी काही सांगत बसू नका. दिलेली माहिती तुमच्याच विरुद्ध वापरली जाणार नाही असा लेखी करार ‘नाडा’कडे आधी मागा, आणि त्यावर सह्या झाल्यावरच नाव सांगा.