वाचकांचे प्रश्न : विम्बल्डनला जायचंय, पण तिकिटाचं काय?

मागच्या अंकात लंडनच्या उन्हाळ्याबद्दल लिहिताना विम्बल्डनचा जाता जाता उल्लेख केला होता, त्यावर इतके मेल आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. व्हिसा, इन्शुरन्स वगैरे पुढच्या वेळी, आज फक्त टेनिस.

प्रश्न : ऑफिसच्या कामासाठी लंडनला जातोय आणि नेमका विम्बल्डनचा पहिला आठवडा त्यातच येतोय. साइटवर तिकीटच दिसत नाहीये, कुठे बुक करायचं? (नाशिक)

अरे, दिसणारच नाही. सीट निवडली, पैसे भरले, झालं, असा प्रकारच नाहीये तिथे. साधी तिकिटं बॅलटमधून जातात, म्हणजे सोडत. आपल्याकडे गणपती-दसऱ्याची गडबड असते ना, साधारण तेव्हाच पुढच्या वर्षीच्या सोडतीसाठी नाव द्यायचं असतं, आणि नंबर लागला तरी कोणता दिवस, कोणतं कोर्ट हे ते सांगणार, आपण नाही. तुझी ती वेळ गेलीये, त्यामुळे तुझ्यासाठी रस्ता एकच, रांग.

हे ऐकून लोकांचं तोंड पडतं, पण मला विचारशील तर विम्बल्डनची सगळ्यात भारी गोष्ट ही रांगच आहे. इतकी मोठी स्पर्धा आणि त्याच दिवशी जाऊन चांगलं तिकीट मिळू शकतं, असं आता जगात फारसं कुठे उरलेलं नाही. डिस्ट्रिक्ट लाइनने साउथफील्ड्सला उतरायचं, विम्बल्डन स्टेशनला नाही, नावावर जाऊ नकोस. तिथून गर्दीच्या मागे चालत राहिलास की विम्बल्डन पार्क येतं. रांगेच्या शेवटच्या माणसाच्या मागे उभा राहिलास की स्वयंसेवक हातात क्यू कार्ड देतात, त्यावर तारीख आणि तुझा नंबर. हे कार्ड जीव गेला तरी हरवायचं नाही. नंबर धरून ठेवतो, सामान टाकून ठेवतो असले प्रकार चालत नाहीत, माणूस स्वतः हजर पाहिजे. टॉयलेटला किंवा कॉफी आणायला जाऊन आलास तर कोणी काही बोलत नाही, पण हॉटेलवर जाऊन झोप काढून येतो म्हणशील तर नंबर गेला.

आता किती वाजता जायचं ते तुला काय पाहिजे त्यावर आहे. लालबागला कशी नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच समज. सेंटर कोर्ट, नंबर 1 आणि नंबर 2 या तीन मोठ्या कोर्टांची प्रत्येकी साधारण 500 तिकिटं रांगेतल्यांसाठी ठेवलेली असतात. ती पाहिजे असतील तर आदल्या दिवशीच जाऊन छोटा दोन माणसांचा तंबू ठोकून रात्र काढायची. पहाटे पाच-सहाच्या सुमारास स्वयंसेवक येऊन उठवतात, तंबू गुंडाळून लगेजला जमा करायचा, मग रांगेत सगळ्यात पुढे असलेल्यांना मनगटावर पट्टे मिळतात, कोणत्या कोर्टाचा पट्टा मिळाला यावर मग आनंद किंवा वाद. जुलै असला तरी रात्री गारठा असतो आणि गवत दवाने भिजतं, त्यामुळे स्वेटर आणि खाली अंथरायला काहीतरी जाड पाहिजेच.

मुखदर्शन म्हणजे ग्राउंड्स पास, आवारात जायचं आणि बाहेरच्या छोट्या कोर्टांवरच्या मॅचेस बघायच्या. हे पास हजारोंनी असतात. सकाळी सहा-सातपर्यंत पोचलास तर पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा काम होतं, 2025 साली सुरुवातीच्या दिवसांत 30 पाउंड पडत होते. दहाला गेट उघडतं, अकराला बाहेरच्या कोर्टांवर मॅचेस सुरू. माझं ऐकशील तर पहिल्यांदा जाताना तू हेच कर. सेंटर कोर्टला जवळपास 15,000 लोक बसतात, वरच्या रांगेत सीट मिळाली तर खेळाडू बोटाएवढा दिसतो, तो टीव्हीवर जास्त चांगला दिसतो. बाहेरच्या कोर्टावर तू कठड्याला टेकून उभा असतोस आणि जगातला पन्नासावा, साठावा खेळाडू चार हातांवर सर्व्हिस करत असतो, सर्व्हिसचा आवाज आधी छातीत लागतो, मग कानाला कळतो. पांढऱ्या बुटांच्या टाचांना हिरवे डाग पडलेले दिसतात. बॉल गवतावर पडून उसळत नाही, घसरत येतो, आणि रिसीव्हर गुडघे जवळजवळ जमिनीला टेकवून तो उचलतो, हे स्क्रीनवर कधीच कळत नाही. शाळकरी बॉलबॉय-बॉलगर्ल एकमेकांकडे बॉल फेकत नाहीत, गवतावरून सरपटत सोडतात, ते बघतानाही वेळ जातो. 2010 साली इस्नर आणि माहूची 11 तास 5 मिनिटांची, तीन दिवस चाललेली, पाचवा सेट 70-68 असा गेलेली मॅच झाली ती 18 नंबरच्या कोर्टावर. म्हणजे ग्राउंड्स पासवाल्यांची! तिथे भिंतीवर पाटी आहे, फोटो काढून ये.

आणि हो, आत गेल्यावर मोबाइलमध्ये विम्बल्डनचं अ‍ॅप असू दे. दुपारनंतर लोक मोठ्या कोर्टावरून लवकर घरी जायला लागतात, त्यांची तिकिटं परत घेऊन दहा-पंधरा पाउंडात पुन्हा विकतात, पैसे चॅरिटीला जातात. या रीसेलसाठी अ‍ॅपवरच नंबर लावता येतो, पण तू आवारात पाहिजेस. सकाळी ग्राउंड्स पासवर आत गेलेला माणूस संध्याकाळी सेंटर कोर्टवर बसलेला असतो तो असा. जुलैत नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ म्हणजे अजून बरंच टेनिस बाकी.

प्रश्न : आमच्या इथल्या एका ट्रॅव्हल एजंटने फायनलची दोन तिकिटं देतो म्हणून सांगितलंय, रेट लाखांत आहे. घ्यावीत का? (ठाणे)

ताई, आधी त्यांना एकच विचारा, तिकीट डिबेंचरचं आहे का? डिबेंचर म्हणजे विम्बल्डनच्या क्लबला मोठी रक्कम देऊन काही वर्षांसाठी घेतलेली सीट, आणि तिकीट दुसऱ्याला विकायची परवानगी फक्त यांनाच असते. ते खरंच महाग असतं, लाखांत जातं, त्यामुळे आकड्याने घाबरू नका, प्रकाराने घाबरा. बॅलटचं तिकीट ज्याच्या नावावर त्याचंच, विकलं तर रद्द, गेटवर ओळखपत्र मागितलं की तुम्ही बाहेर. 2025 ला फायनलच्या सेंटर कोर्टच्या तिकिटाची छापील किंमत 315 पाउंड होती, तेव्हा "ओळखीतून मिळवलंय" असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून निघा. मी असते तर त्या पैशात पहिला आठवडा लंडनमध्ये राहून रोज गेले असते.

प्रश्न : मुलाकडे रेडिंगला येतोय, मी 71, ही 67. दोघांनाही टेनिसचं वेड, अमृतराजच्या काळापासून. पण गुडघे बोलतात. रात्रभर रांग शक्य नाही. (सांगली)

काका, रात्रभर कशाला? पाच वाजल्यानंतर ग्राउंड्स पास स्वस्त होतो, गर्दी उतरायला लागते, आणि म्हटलं तसं उजेड नऊपर्यंत. दुपारी घरून जेवून निघा. सोबत घडीची छोटी स्टुलं घ्या रांगेसाठी. दुसऱ्या आठवड्यात गर्दी आणखी कमी असते, पण तेव्हा बाहेरच्या कोर्टांवर मोठ्या सिंगल्स उरत नाहीत, ज्युनिअर्स, डबल्स, व्हीलचेअर टेनिस आणि जुन्या खेळाडूंच्या मॅचेस असतात. तुमच्या वयाच्या रसिकांना खरं तर हेच जास्त आवडेल असं वाटतं, डबल्समध्ये आपले लोकही दिसतात, युकी भांबरी, श्रीराम बालाजी वगैरे. दमलात की टेकडीवर बसा, मोठ्या स्क्रीनवर सेंटर कोर्टची मॅच चालू असते. ब्रिटिश खेळाडूंच्या नावांवरून टेकडीला कोणी हेन्मन हिल म्हणतं, कोणी मरे माउंड, भांडण जुनं आहे. उतार आहे मात्र, काकूंना हात द्या.

प्रश्न : मुलं 4 आणि 9 वर्षांची. खायला नेता येतं का? आणि कपडे पांढरेच लागतात का? (पुणे)

पांढऱ्याचा नियम खेळाडूंना, आपल्याला नाही. जॅकेट-टाय वगैरे रॉयल बॉक्ससाठी, म्हणजे सेंटर कोर्टवरच्या खास पाहुण्यांच्या जागेसाठी, तिथे 2015 ला रेसिंगवाल्या लुईस हॅमिल्टनलाही ड्रेस कोडमुळे बसता आलं नव्हतं. 2024 ला आपला सचिन तिथे बसला होता, अख्ख्या सेंटर कोर्टने टाळ्या वाजवल्या. आपण आरामात जीन्स-टीशर्ट, वर एक रेनकोट, कारण पाऊस येतोच येतो. छत फक्त सेंटर कोर्ट आणि नंबर 1 ला आहे, बाकीची कोर्टं थेंब पडला की झाकतात. पावसामुळे तासभरही खेळ झाला नाही तर पैसे परत मिळतात.

पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्या कोर्टांवर सोडत नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी ग्राउंड्स पासच. डबा खुशाल न्या. माणशी एकच बॅग, तीही मऊ आणि मध्यम, टणक कूलर बॉक्स चालत नाही. थेपले, चटणी-पोळी, पाण्याच्या बाटल्या. स्ट्रॉबेरी-क्रीम मात्र तिथलीच घ्या. पंधराएक वर्षं अडीच पाउंडावर धरून ठेवलेला भाव 2025 मध्ये 2.70 केला तर इंग्लंडच्या पेपरांत बातम्या आल्या होत्या! नऊ वर्षांच्या लेकासाठी वापरलेल्या बॉल्सचा डबा घ्या, मॅचमध्ये खेळलेले बॉल तिथे विकतात, ब्रँडेड टॉवेलपेक्षा कितीतरी स्वस्त.

प्रश्न : मराठी माणूस कधी विम्बल्डनला खेळलाय का हो, की आपण फक्त बघायलाच? (कोल्हापूर)

मुंबईची लीला राव. 1934 साली विम्बल्डनला मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई. तिची आई म्हणजे पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस चॅम्पियन आणि संस्कृत कवयित्री, आणि आजोबा शंकर पांडुरंग पंडित, तुकोबांच्या गाथेची 1869 ची जुनी छापील प्रत संपादणाऱ्यांपैकी एक. म्हणजे गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या गवतावर! आपल्या क्रीडा पानांवर हे नाव इतकं कमी का येतं कळत नाही.

प्रश्न : माझी फ्लाइट स्पर्धा सुरू होण्याच्या चार दिवस आधी परत आहे. सगळंच हुकलं का? (औरंगाबाद)

नाही! उलट तुमची लॉटरी लागलीये. मुख्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात क्वालिफाइंग राउंड असतात, ते मुख्य स्पर्धेच्या चर्च रोडवरच्या क्लबवर नाही, जवळच रोहॅम्प्टनला. तेच गवत, तेच पांढरे कपडे, तिकीट मेन ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या मानाने अगदीच स्वस्त, आणि शंभर-दोनशे रँकिंगवाले, कधी दुखापतीतून परत आलेला जुना नामवंत खेळाडू, मेन ड्रॉत शिरण्यासाठी जिवाच्या आकांताने खेळत असतात. तीन मॅच जिंकल्या तरच आत. भारतीय मुलंही बऱ्याचदा इथेच असतात. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. टोपी विसरू नका, बहुतेक कोर्टांना सावली अजिबात नाही.