जुनी बुलेट थरथरते? इंजिन उघडण्याआधी हे बघ

कास्ट आयर्न इंजिनाची 350 हातात आली की पहिल्याच आठवड्यात आवाजाची धास्ती बसते, पण लगेच इंजिन उतरवायला देऊ नकोस. 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 मिमी स्ट्रोकचा (वरखाली धाव) एकच पिस्टन वरखाली होतोय, म्हणजे थोडी थरथर राहणारच. वाढलेली थरथर मात्र बहुतेकदा ढिल्या नटबोल्टांतून येते.

आधी इंजिनाचे माउंटिंग बोल्ट कस. मग टाकीखाली हात घालून सिलिंडर हेड फ्रेमला धरणारी पट्टी चाचपून बघ. माझ्या गाडीत एका मेकॅनिकने ती परत बसवलीच नव्हती. दोन महिने माझी बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायची, आणि मी हँडलला दोष देत होतो.

टकटक येत असेल तर टॅपेट बघ, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांखालचे भाग. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, उजव्या बाजूचं झाकण काढ. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आण, दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. आता पुशरॉड (टॅपेटवरची उभी दांडी) चिमटीत धरून फिरव: सहज फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. तसं नसेल तर टॅपेट जुळवून लॉकनट आवळ. आवळताना सेटिंग सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघच. आवाज दाबायला टॅपेट घट्ट करू नकोस. व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

डावीकडून खडखड येत असेल तर प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी) ढिली असते. बंद इंजिन थोडं थोडं फिरवून दोन-तीन जागी चेनचा ताण तपास, आणि सगळ्यात घट्ट जागेवरच सेट कर.