ढिगाऱ्यातला फोन

प्रिय पोरा,

परवा रात्री तू पाऊण तास बोललास. बदलीचं झालं, क्वार्टर्समधल्या पाण्याचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, "साहेब, हल्ली मोबाइल वाजला की घाम फुटतो." तेव्हा मी काही बोललो नाही. म्हटलं, लिहावं. पत्र पुन्हा काढून वाचता येतं.

आपल्या अग्निशमन दलाला आलेल्या त्या वर्दीवर, त्या कॉलवर, काय पाहिलंस ते मी विचारणार नाही. इमारत कोसळली की मध्येच सगळी यंत्रं बंद करायला लावतात आणि आपण ढिगाऱ्याला कान लावतो. त्या शांततेत खालून कुणाचा तरी फोन वाजायला लागतो. घरचं कुणी लावत असतं. वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. ती ट्यून मला ठाऊक आहे. माझी वेगळी होती, एवढंच. भाचीच्या लग्नात मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन त्याच ट्यूनवर वाजला आणि मी मुठीत अक्षता घेऊन कार्यालयाबाहेर निघून गेलो होतो. घरच्यांना वाटलं, मानपानावरून रुसलो.

तेव्हा एका वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, "दोन पेग मार, झोप लागेल." लागली. चार वर्षं तशीच लागत होती. दारूची झोप पहाटे मोडते, आणि मग छताकडे बघत पडावं लागतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोने मात्र केव्हाच ओळखलं होतं.

दर १४ एप्रिलला आपण १९४४ सालच्या मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतो. द्यायलाच हवी. पण मला दरवेळी त्या दिवशी जिवंत परतलेले आठवतात. त्यांच्या रात्री कशा गेल्या, कुणी विचारलं असेल? २०१५ साली काळबादेवीच्या आगीत आपले चार अधिकारी गेले. त्यानंतरही वर्दी आली की गाड्या निघतच होत्या. निघायलाच लागतात. कुढायला वेळ मिळत नाही, आणि मग ते कुठे तरी साठत जातं.

आता कामाचं. वाईट वर्दीनंतर दोन-चार आठवडे झोप उडणं, दचकणं, चिडचिड होणं हे चालायचंच. बहुतेकांचं आपोआप निवळतं. परत आल्या आल्या सगळ्यांना गोल बसवून "बोला, काय वाटलं" असं विचारायला मी तरी सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तशा बैठकीची शिफारस करत नाही. चहा, पोटात काही तरी, घरी एक फोन, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारा शेजारी, एवढं पुरतं. पण महिना उलटूनही तेच चाललं असेल तर ते दाखवायचं. तुझी वर्दी पावसाळ्यातली, आणि आता दिवाळी झाली.

तुझी खरी भीती मला कळते: फाइलवर येईल, गाडीवरून उतरवतील, क्वार्टर्सभर होईल. तिसरीबद्दल मी काही हमी देत नाही. आपल्या चाळीत कुकरच्या शिट्ट्याही मोजतात. पहिलीचं मात्र ऐक. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि विमा कंपन्यांनाही शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजाराला संरक्षण द्यावं लागतं. दुसरीबद्दल गोड बोलणार नाही. काही दिवस हलकी ड्यूटी देतीलही. खांदा निखळला असता तर घेतली असतीस ना?

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. गर्दी असते, डॉक्टरांच्या हाती थोडी मिनिटं असतात. म्हणून चिठ्ठीवर लिहून ने: झोप किती, काय टाळतोस, दारू किती (खरी). रात्रपाळी आहे, शिडीवर चढावं लागतं, हेही सांग, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नकोस. मनाने बंदही करू नकोस. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवाल का, हे तोंड उघडून विचार. त्यांच्याकडे ती आठवण हळूहळू, कुणाच्या तरी सोबतीने पुन्हा बघायची रीत असते. मला गोळ्यांपेक्षा तिचाच जास्त उपयोग झाला. माणसागणिक हे बदलतं.

मध्यरात्री जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर वाट बघायची नाही. १४४१६ लाव. टेली-मानस सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. नाही तर मला उठव. म्हाताऱ्याला झोप कमीच असते.

बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरचं श्वासाचं यंत्र, लावून धुरात जाताना बाहेरच्या बोर्डावर नाव आणि वेळ लिहिल्याशिवाय तुला सोडलं होतं का कधी मी? कोण आत आहे, हे बाहेर एकाला तरी ठाऊक हवं. घरी सांग. सगळं नको, एवढंच सांग की फोन वाजला की असं होतं. बायकोने तुझा मोबाइल सायलेंटवर टाकायला सुरुवातही केली असेल.

मंगळवारी तुझा ऑफ आहे. ओपीडीच्या केसपेपरची रांग लवकर लागते, तेव्हा आठला गेटपाशी ये. मी असेन. हल्ली चष्मा घरी विसरतो, खिडकीवरची पाटी तूच वाच.

तुझा,
जुना साहेब