दोन पॅरलल प्रिंटर आणि बदलणारे क्रमांक

प्रश्न : आमच्या लिनक्स संगणकावर मदरबोर्डच्या पॅरलल पोर्टला एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे. दुसऱ्यासाठी पीसीआय कार्ड बसवल्यापासून एकाचे काम दुसऱ्यावर छापले जाते आणि दोन्हींवर एकदम काम पाठवल्यास एक मधेच अडकतो. केबल बदलूनही फरक पडला नाही. दोष कशात असावा?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून या दोन वेगळ्या तक्रारी दिसतात. पहिलीचे, म्हणजे काम चुकीच्या प्रिंटरवर जाण्याचे, मूळ लिनक्स प्रिंटर पोर्टना देत असलेल्या एलपी०, एलपी१ या क्रमांकांत आहे. कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.० आवृत्तीपर्यंत एलपी१ म्हणजे ३७८ (हेक्स) हा पत्ता, असे ठरलेले असे, २.२ पासून जो पोर्ट आधी सापडेल तो एलपी०. त्यामुळे नवे कार्ड आधी सापडले, तर जुना प्रिंटर निमूटपणे एलपी१ होतो आणि कप्स या छपाई व्यवस्थेतील कामांची रांग मात्र जुन्याच नावाला चिकटून राहते. ‘एलपीस्टॅट -व्ही’ने कोणती रांग कोणत्या उपकरणाकडे जाते ते पाहावे, मग कप्स थांबवून रूट (प्रशासक) म्हणून एकेक ओळ थेट /डेव्ह/एलपी० आणि /डेव्ह/एलपी१ कडे पाठवावी. अशा चाचणीत पुढची ओळ मागची जिथे संपली तिथूनच, जिन्याच्या पायऱ्यांसारखी सुरू झाली, तर घाबरू नये. युनिक्स ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न पाठवत नाही, इतकेच. क्रम उलटा आढळल्यास एलपी मॉड्यूलला (कर्नेलच्या प्रिंटर हाताळणाऱ्या भागाला) ‘पारपोर्ट=१,०’ हा पर्याय द्यावा किंवा रांगांचेच पत्ते बदलावेत.

अडकण्याबाबत माझा पहिला संशय इंटरप्टवर, म्हणजे पोर्ट प्रोसेसरला लक्ष देण्यासाठी पाठवतो त्या इशाऱ्यावर, आहे. कर्नेलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘एलपी० : यूजिंग पारपोर्ट०’ अशी ओळ सापडेल, तिच्या शेवटी कंसात ‘पोलिंग’ (प्रोसेसर स्वतःच पोर्ट तपासत राहतो) आहे की ‘इंटरप्ट-ड्रिव्हन’, हे वाचावे. इंटरप्ट असल्यास पॅरलल पोर्ट हाताळणाऱ्या पारपोर्ट_पीसी मॉड्यूलला ‘आयआरक्यू=नन’ देऊन पाहावे. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण डॉट मॅट्रिक्सच्या वेगाला ते जाणवतही नाही. कर्नेलला कार्डच ओळखता येत नसेल, तरच ‘एलएसपीसीआय -व्ही’मधून त्याचा आय/ओ पत्ता घेऊन तो ‘आयओ=’ने द्यावा; मात्र तेव्हा मदरबोर्डवरील पोर्टचाही पत्ता त्याच यादीत लिहावा, कारण एकदा पत्ते हाताने दिले की मॉड्यूल आपणहून पोर्ट शोधणे थांबवते आणि कालपर्यंत चालणारा प्रिंटरच नाहीसा होतो.